८ बाय साडेनऊच्या जागेत जेवणाचं टेबल: गोल की चौकोनी, लाकूड की ग्रॅनाइट?

ऋतुजा_ठाणे

नमस्कार मंडळी. नव्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या जागेबद्दल सल्ला हवा आहे. मापं आधीच देते, म्हणजे "जागा किती?" हा पहिला प्रश्न वाचेल.

जागा हॉलला लागून, मध्ये भिंत नाही. रुंदी ८ फूट, हॉलपासून आतपर्यंतची लांबी साडेनऊ फूट. डावीकडे सलग कोरी भिंत. उजव्या अंगाला स्वयंपाकघराचं दार (आत उघडतं), त्यापुढे बेसिन आणि बेडरूमकडे जाणारा बोळ, म्हणजे त्या बाजूने दिवसभर ये-जा. छत ९ फूट ४ इंच, बरोबर मध्यावर ४८ इंची पंख्याचा हूक.

रोजचे आम्ही चौघं. त्यात सासूबाई ७४ वर्षांच्या, गुडघे दुखतात. सणावाराला सहा, क्वचित सात.

दुकानात ४२ इंची गोल टेबल आवडलंय, वर ग्रॅनाइट आहे. घरी सगळे म्हणतात सुताराकडून सागवानी करून घ्या. एका बाजूला बाक ठेवायचा विचार आहे. वर टांगता दिवाही हवा आहे. आणि त्या कोऱ्या भिंतीचं काय करावं?

---

मोजपट्टी

ऋतुजाताई, मापं दिलीत हे फार बरं केलंत. गोल टेबल इथे बसत नाही, आधी तेच बघू.

बसलेला माणूस खुर्ची मागे ओढून उठतो तेव्हा टेबलाच्या कडेपासून ३० इंच लागतात. गोल टेबल भिंतीला चिकटवलं तर त्याचं गोलपण वाया जातं, म्हणून ते मध्ये ठेवायचं आणि दोन्हीकडे ३० इंच सोडायचे: ३० + ४२ + ३० = १०२ इंच. तुमची रुंदी आहे ९६. त्यात ये-जा करायला वाट अजून धरलेलीच नाही. दुकानात हे कळत नाही, कारण तिथे खुर्च्या टेबलाखाली सारून ठेवलेल्या असतात.

उलट बाजूने हिशोब करा. हातात पातेलं घेऊन चालायला ३६ इंचांची वाट हवी. ९६ मधून ३६ गेले, उरले ६०. त्यातले ३० खुर्चीचे. म्हणजे टेबलाला ३० इंच रुंदी मिळते, आणि तीही टेबल डाव्या भिंतीला लावलं तरच. लांबी: ११४ इंचांतून दोन्ही टोकांच्या खुर्च्यांचे ३०-३० वजा केले की ५४ राहतात. तेव्हा तुमचं टेबल साडेचार फूट × अडीच फूट, लांब कड भिंतीला. समोर दोघं, टोकांना एकेक, असे रोजचे चौघं. माणशी २२ ते २४ इंच रुंदी लागते, समोरच्या दोघांना २७-२७ मिळतात, ऐसपैस.

पाहुणे आले की टेबल भिंतीपासून १८ इंच पुढे ओढायचं आणि मधल्या जागेत बाक. भिंतीला पाठ टेकून दोघं बसतात. तेव्हा वाट आक्रसते: १८ + ३० + बसलेल्या माणसाचे २० = ६८, उरले २८ इंच. एक माणूस नीट जातो, दोघं समोरासमोर आले तर एकाने थांबायचं. वर्षातून पंधरा दिवसांसाठी हे चालतं, रोजसाठी चाललं नसतं. सातव्या माणसाची सोय या टेबलावर करू नका. त्या दिवशी सरळ दोन पंगती, नाहीतर हॉलमध्ये खाली पाट.

अडीच फुटांचा एक तोटा मात्र सांगायला हवा. आपलं ताट १२ इंची. दोन्ही बाजूंनी ताटं, कडेला एकेक इंच सोडला, तर मध्ये चारच इंच उरतात. लोणच्याची बरणी मावते, भाजीचं पातेलं मावत नाही. सहा जण असतील तेव्हा वाढायची भांडी ओट्यावर किंवा बाजूच्या कपाटावर ठेवावी लागतील. रोज टेबल भिंतीला असताना हा प्रश्न येत नाही, समोर कुणी नसतंच.

हे कागदावर पटलं तरी वर्तमानपत्रं जोडून ५४ × ३० चा तुकडा जमिनीवर अंथरा, घरातल्या कुठल्याही चार खुर्च्या लावा आणि दोन दिवस त्याला वळसा घालून वावरा. फ्रिजचं दार, बेसिनवर वाकलेला माणूस, कपडे वाळत घालायचा स्टँड हे नकाशात नसतात.

---

रंधा

मापाशी सहमत, आणि त्यातूनच ग्रॅनाइटचा निकाल लागतो. १८ मिलिमीटर ग्रॅनाइटचं वजन चौरस मीटरला साधारण ५० किलो. ५४ × ३० इंच म्हणजे जेमतेम एक चौरस मीटर. नुसता माथाच पन्नास किलोंचा असेल तर "पाहुणे आले की पुढे ओढा" हे कुणी करणार नाही. ओढलं तरी पायांचे जोड पहिल्या वर्षातच खिळखिळे. टेबल एका जागी राहणार असतं तर ग्रॅनाइट वाईट नव्हतं: हळद धरत नाही, गरम पातेलं सोसतं. (काळ्या पॉलिशवर मात्र पाण्यातल्या क्षाराचे डाग रोज दिसतात.) संगमरवराचं नावही काढू नका. लिंबू, कोकम, चिंच जिथे सांडेल तिथली चकाकी जाते, आणि तो डाग नसून दगडच खाल्ला गेलेला असतो, त्यामुळे पुसून निघत नाही.

काचही नको. १२ मिलिमीटरची टफन्ड काच याच मापात तीस किलोंच्या वर जाते. एकदा टफन केली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, म्हणजे माप चुकलं की काच फुकट. शिवाय स्टीलच्या ताटांचा खणखणाट.

उरले दोन पर्याय.

एक, भरीव सागवान. सांगाड्याला चार पाय अडीच × अडीच इंच, उंची २९. भोवती पट्टी ३ इंच रुंद, १ इंच जाड. पाय माथ्याच्या कडेपासून २ इंच आत घ्या, म्हणजे लांब बाजूला पायांमध्ये ४५ इंच मोकळे राहतात (१८ इंची दोन खुर्च्या आरामात आत सरतात) आणि टोकाला २१ इंच. सांगाड्याचं लाकूड तयार मापात ०.६७ घनफूट, माथ्याचं ०.९४. कापणी, रंधा, गाठी टाळणं हे धरून सव्वादोन घनफुटांच्या आसपास मागवा. सुताराने चार-साडेचार सांगितले तर हिशोब विचारा.

लाकूड घेताना पांढरा भाग बघा. सागाचा गाभा कीड सहसा धरत नाही, बाहेरचा पांढरा भाग धरतो. पॉलिशवाला तो रंगवून गाभ्यासारखा करतो, म्हणून तपासणी पॉलिशच्या आधी, आणि खालच्या बाजूनेही. पट्टी आणि पाय यांचा जोड खाच पाडून त्यात कुसू (पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ) बसवलेला हवा, आतल्या कोपऱ्यात तिरका ठोकळा. नुसत्या स्क्रूवरचं टेबल ढकलण्या-ओढण्याने हलायला लागतं.

सगळ्यांत जास्त चूक होते ती माथा जोडताना. भरीव लाकूड पावसाळ्यात रेषेच्या आडव्या दिशेने फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. ३० इंच रुंदीला हा फरक काही मिलिमीटरचा. माथा सांगाड्याला गोंदाने चिकटवला किंवा घट्ट स्क्रूने जखडला तर हलायला वाव राहत नाही आणि फळ्यांच्या जोडात चीर पडते. म्हणून आडव्या पट्ट्यांतली स्क्रूची भोकं लांबट पाडायची, किंवा पट्टीच्या आतून खाच घेऊन त्यात लाकडी गुटके अडकवायचे आणि ते माथ्याला स्क्रू करायचे. तीन-चार इंची फळ्या जोडून माथा करा, एकच रुंद फळी हट्टाने घेऊ नका, ती वाकते.

दोन, सागवानी सांगाडा आणि प्लायचा माथा. तुमच्यासाठी मी हाच सुचवेन. १९ मिलिमीटरचा बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारा प्लाय (दुकानात '७१०' म्हणतात), वर १ मिलिमीटर सनमायका, खालीही सनमायका. खालचा पैसे वाचवायला गाळतात आणि मग माथा होडीसारखा वाकतो, कारण एका बाजूने दमट हवा लागते आणि दुसरी बंद. कडेला १० ते १२ मिलिमीटरची सागवानी पट्टी भोवतीने. नुसता टेप लावलेली कड ओल्या फडक्याने सुटते. रंग मध्यम लाकडी घ्या. पांढऱ्यावर हळद दिसते, गडद काळपट रंगावर प्रत्येक बोट. फार खरखरीत पोताचा नको, त्या रेघांत पीठ आणि तूप बसतं.

उंची ३० इंच, पट्टीच्या खाली २६ इंच मोकळे. याहून कमी केलं तर मांड्या घासतात.

---

गंगाधर_टिपरे_नव्हे

बाकाऐवजी भिंतीलाच घडीचं टेबल का नाही? पाय नकोत, काही नकोत.

---

रंधा

चौघांच्या रोजच्या वापराला नाही. नव्या इमारतींच्या भिंती बहुधा हलक्या राखाडी ब्लॉकच्या असतात. साधा प्लॅस्टिक प्लग आणि स्क्रू त्यात धरत नाही, टेबलाच्या कडेवर कुणी हात टेकून उठलं की भोकासकट बाहेर येतो. तशा भिंतीत त्या ब्लॉकसाठीचे लांब प्लग किंवा केमिकल अँकर (भोकात गोंद भरून बसवायचा बोल्ट) लागतो. आणि ७४ वर्षांच्या बाई टेबलाला धरूनच उठणार, तेव्हा टेबलाला पाय हवेतच.

---

ऋतुजा_ठाणे

गोल टेबल रद्द! वर्तमानपत्रं आजच अंथरते. आता तीन शंका. सासूबाईंना हाताची खुर्ची घ्यावी का? पॉलिश कुठलं? आणि आमच्याकडे सगळीकडे टेबलावर पारदर्शक प्लॅस्टिक घालतात, ते घातलं तर पॉलिशची काळजी मिटेल ना?

---

मोजपट्टी

हाताची खुर्ची जरूर, पण एकच, आणि ती हॉलकडच्या टोकाला. तिथे मागे भिंत नाही, उठायला घाई नाही. बैठकीची उंची १८ इंच. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच खुर्च्या १७ च्या असतात, आणि गुडघे दुखणाऱ्याला तो एक इंच जाणवतो. बैठक फार खोल नको, १६ इंच पुरे. खोल असली की पुढे सरकत यावं लागतं. हात बैठकीपासून ७ इंच, म्हणजे जमिनीपासून २५. तुमच्या टेबलाची पट्टी २६ वर आहे, खुर्ची आत सरकेल. हेच हात २७ वर असते तर पट्टीला आपटून दोन्हीचं पॉलिश गेलं असतं, आणि खुर्ची कायम बाहेर राहून वाट अडली असती.

खुर्ची घेताना गादी दाबून बघा. मऊ फोम माणूस बसला की इंच-दीड इंच खाली जातो, मग १८ ची साडेसोळा झाली. ४० डेन्सिटीचा फोम मागा. वरच्या कापडाबद्दल: जे 'लेदर' म्हणून विकतात पण चामडं नसतं, त्यातला पीयूचा (पॉलियुरेथेनच्या थराचा) प्रकार ठाण्या-मुंबईच्या दमट हवेत काही वर्षांनी खपल्या धरतो. त्यापेक्षा लाकडी बैठक आणि वर दोऱ्या बांधायची सुती खोळीची गादी. आमटी सांडली की खोळ धुवायची. हळदीचा डाग उरला तर उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हाने उडतो.

बाक ४२ × १४ इंच, उंची १८. रोज ते टेबलाखाली ठेवू नका, समोर बसणाऱ्यांच्या पायांना अडतं. हॉलमध्ये खिडकीखाली जागा असेल तर तिथे.

---

रंधा

प्लॅस्टिक घालू नका. मऊ पारदर्शक प्लॅस्टिकमधलं तेलकट द्रव्य हळूहळू पॉलिशमध्ये उतरतं, प्लॅस्टिक चिकटून बसतं, काढताना पॉलिश घेऊन येतं. शिवाय खाली ओल अडकते आणि पांढरे ढग उमटतात. सनमायका असेल तर त्याची गरजच नाही. गरम कुकर मात्र सनमायक्यावर थेट ठेवायचा नाही. सनमायका लगेच जळत नाही, पण खालचा गोंद मऊ होतो आणि फुगा येतो. जाड सुती किंवा लाकडी आसन ठेवा.

पॉलिश: सांगाड्याला पीयू पॉलिश, सीलरचे दोन हात आणि वर मॅटचे दोन. मेलामाइन स्वस्त पडतं, पण भर पावसात मारलं तर हवेतली ओल धरून पांढरट पडतं. सुतार जुलैत 'चालतंय की' म्हणेल, थांबवा त्याला. चपड्याचं जुन्या पद्धतीचं पॉलिश दिसायला सुंदर, पण गरम वाटी ठेवली की पांढरं कडं उमटतं. देव्हाऱ्याला ठीक, जेवणाच्या टेबलाला नाही.

पायांचा तळसुद्धा पॉलिश करून घ्या. इथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात आणि रोजच्या ओल्या पोछ्याचं पाणी शोषतात, मग पाय खालून काळे पडतात. त्यावर खिळ्याने बसणारी नायलॉनची टोपी. चिकटवायच्या फेल्टच्या चकत्या ओल्या फरशीवर टिकत नाहीत.

---

उजेड_सावली

दिव्याचं कुणी बोललंच नाही, आणि या घरात तोच अडकणार आहे.

टांगता दिवा टेबलाच्या मध्यावर हवा, पण तुमचं टेबल दोन जागी असणार: रोज मध्य भिंतीपासून १५ इंचांवर, पाहुण्यांच्या दिवशी ३३ वर. दोन्ही वेळा टेबलावरच राहील अशी जागा म्हणजे २४ इंच, कारण रोजचं टेबल ० ते ३० आणि ओढलेलं १८ ते ४८ एवढं व्यापतं. १२ इंच व्यासाची शेड २४ वर टांगली तर ती १८ ते ३० मध्ये, दोन्ही वेळा टेबलाच्या आत. इथवर छान. आता पंखा बघा: मध्य ४८ इंचांवर, पातं मध्यापासून २४ इंच. म्हणजे पात्याचं टोक नेमकं भिंतीपासून २४ वर फिरतं! छतातून सोडलेली वायर पात्यात जाईल. थोडी बाजूला घेतली तरी वाऱ्याने दिवा दिवसभर झुलत राहील.

म्हणून छतातून टांगूच नका. भिंतीतून २४ इंचांचा आडवा दांडा आणि त्याच्या टोकाला शेड, असा दिवा घ्या. दांड्याची उंची पात्याच्या बरीच खाली राहते. शेडची खालची कड टेबलापासून ३६ इंचांवर ठेवा, म्हणजे जमिनीपासून ६६. एरवी ३० पुरतात, पण तुमची शेड टेबलाच्या कडेपर्यंत येते, उठताना माणूस पुढे झुकतो आणि डोकं लागेल. विजेचा पॉइंट आत्ताच भिंतीत काढून घ्या, रंगकाम झाल्यावर खाचा पाडायला कुणी राजी नसतं. शेजारी टेबलाच्या उंचीपेक्षा ६ इंच वर एक प्लगही, इंडक्शन किंवा टोस्टरसाठी.

बल्ब ९ वॅटचा एलईडी, २७०० ते ३००० केल्विन. खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, १०० पैकी) ९० किंवा वर लिहिलेला बघा. पांढऱ्याशार ६५०० च्या उजेडात वरण फिकट आणि पालेभाजी करडी दिसते, स्वयंपाक कितीही चांगला असो. शेड आतून पांढरी आणि खालून दुधी झाकणाची, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत बल्ब. पंख्याच्या वर छतात दिवे लावू नका, पात्यांची सावली ताटात लपलपते.

भिंत: टेबल तिला लागूनच आहे, म्हणजे सजावटीच्या आधी धुण्याचा विचार. टेबलापासून वर दोन फुटांपर्यंत उडणार हे धरा. साधा मॅट रंग घासला की चट्टा पडतो, धुता येणारा हलक्या चकाकीचा इमल्शन घ्या. रंग फिकट, पण पांढराफटक नको. टेबलाच्या मागच्या कडेला अर्धा इंच जाडीचे दोन रबरी गुटके लावा, नाहीतर कड भिंतीत चर पाडते.

वर लहान-लहान पाच फ्रेमांपेक्षा एकच आडवी मोठी. दिव्याचा दांडा मध्ये येतो, म्हणून ती हॉलकडच्या अर्ध्या भागात, खालची कड टेबलापासून १४ इंच वर. वारली सगळीकडे झाली आहे. पिंगुळीच्या चित्रकथीतलं एखादं चित्र किंवा सावंतवाडीच्या गंजिफाची (हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांची) गोल पानं ओळीने फ्रेम केलेली या पिवळ्या उजेडात खुलतात. पुढे काच हवीच, आणि मागच्या चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून फ्रेम भिंतीपासून सुटी ठेवा. पावसाळ्यात हवा खेळली नाही तर बुरशी आधी कागदाच्या पाठीवर येते, पुढून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

टेबलावर फुलदाणी वगैरे लागेलच असं नाही. अडीच फुटांत तांब्या, मीठ आणि लोणचं ठेवलं की जागा संपली.

---

ऋतुजा_ठाणे

पंख्याच्या पात्याचं मी मोजून आले. तंतोतंत २४! इलेक्ट्रिशियन उद्याच येतोय, छतातला पॉइंट रद्द करून भिंतीत घेतो. पॉइंट जमिनीपासून किती उंचीवर काढायला सांगू? ६६ वरच ना?

---

उजेड_सावली

नाही, ६६ ही शेडच्या खालच्या कडेची उंची. शेड ८ इंच उंच आणि वर धरायची कडी २ इंच असेल तर दांडा ७६ वर येतो. पण प्रत्येक दिव्याचं हे माप वेगळं. आधी दिवा विकत घ्या, खोक्यातून काढून मोजा, मग भिंतीवर खूण करा. इलेक्ट्रिशियनला उद्या नुसती वायर त्या उभ्या रेषेत आणून ७० ते ८० च्या मध्ये गुंडाळी करून ठेवायला सांगा, पेटी नंतर बसवू दे. आणि ती रेषा टेबलाच्या लांबीच्या मध्यावर, म्हणजे आतल्या भिंतीपासून ५७ इंचांवर, खोलीच्या कोपऱ्यातून नीट मोजून.